संगणक दुरुस्तीची नोकरी : मुलाखतीला जाण्यापूर्वी

आंजी (मोठी) सारख्या गावातील आपल्या समाजाची मुले शाळेनंतर 'एमएस-सीआयटी' करतात. 2001 साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम उपयुक्त आहे. पण संगणक वापरता येतो, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. वर्ध्याला किंवा नागपूरला 'आयटी सपोर्ट'च्या जागेसाठी मुलाखत असेल, तर बिघाड कसा शोधाल, हे विचारले जाते.

समजा, प्रश्न आला : "ग्राहकाचे इंटरनेट बंद आहे, काय कराल?" 'विंडोज पुन्हा टाकतो' हे उत्तर देऊ नये. आधी ग्राहकालाच विचारावे : केव्हापासून बंद? एकाच संगणकावर की सगळ्यांवर? मग वायर व राउटर पाहावा. नंतर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. शेवटी, काय केले त्याची नोंद ठेवावी. हा क्रम घरी मोठ्याने बोलून सराव करावा.

उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. त्यांनी हीच उत्तरे लहान वाक्यांत तयार करावीत. येत नसेल तेथे 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणावे. थाप मारू नये.

गिऱ्हाइकाचे आधी ऐकावे, मग ठाण उलगडावे, हे दुकानात बसणारा मुलगा शिकलेलाच असतो. तोच हुनर येथे कामी येतो. पालकांनी त्याला रोज दोन तास गल्ल्यावरून मोकळे करावे आणि एक जुना संगणक उघडायला द्यावा. बिघडला तरी रागावू नये.