विमान आज्ञा का ऐकत नाही?

विमान चालवणाऱ्या वैमानिकाचे हात आणि पाय सतत कामात गुंतलेले असतात. एका हाताने तो विमानाची दिशा व उंची सांभाळतो, दुसऱ्या हाताने इंजिनाची शक्ती कमी-अधिक करतो आणि पायांनी शेपटीवरील सुकाणू हलवतो. मोठ्या प्रवासी विमानात म्हणूनच त्याच्या शेजारी सहवैमानिक बसलेला असतो. वैमानिकाने ‘चाके खाली’ असे म्हटले, की सहवैमानिक त्यासाठीचा दांडा ओढतो. घरी संगणकासमोर बसून उड्डाणाचा सराव करणाऱ्याला मात्र असा सहकारी मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तोंडी आज्ञा ऐकणारी सॉफ्टवेअर निर्माण झाली. ती आज्ञा का ऐकत नाहीत आणि ऐकू लागावीत यासाठी काय करावे, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

जमिनीवर राहून उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या साधनाला सिम्युलेटर म्हणतात. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली वैमानिकांच्या शिक्षणासाठी असे एक यंत्र तयार केले होते. पुढे संगणक आला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती बाजारात आणली. त्याच मालिकेतील २०२० आणि २०२४ सालच्या आवृत्त्या आज जगभर वापरल्या जातात. ‘व्हॉइसअटॅक’सारखे आज्ञा ऐकणारे सॉफ्टवेअर त्यांच्या जोडीला चालवता येते. त्याचे काम तसे साधे आहे. ते आपला शब्द ऐकते, आपण तयार केलेल्या यादीत तो शोधते आणि त्या शब्दासाठी ठरवलेली कळ आपल्या वतीने दाबते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘जी’ ही कळ दाबली की विमानाची चाके खाली येतात किंवा वर जातात. म्हणून ‘गिअर डाउन’ या शब्दांना ‘जी’ कळ जोडून ठेवली, की ते शब्द उच्चारताच चाके हलली पाहिजेत. ती हलली नाहीत, तर दोष शोधावा लागतो.

आवाजाचा प्रवास

दोष शोधण्यापूर्वी आवाज कोणत्या वाटेने जातो हे माहीत असले पाहिजे. आपण बोलतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. मायक्रोफोनमधील पातळ पडदा त्या कंपांबरोबर हलतो आणि त्या हालचालीचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म संकेतात होते. हा संकेत तारेतून साउंड कार्डाकडे जातो. साउंड कार्ड त्या संकेताचे दर सेकंदाला हजारो वेळा मोजमाप करते आणि प्रत्येक मापाचा एक आकडा बनवते. संगणकात हे मोजमाप बहुधा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा होते. १६ बिटांच्या पद्धतीत प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात. हे आकडे विंडोजसारख्या संगणकप्रणालीकडे, तिच्याकडून आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेकडे, तेथून आज्ञा ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आणि अखेरीस कळीच्या रूपाने सिम्युलेटरकडे पोहोचतात.

ही एक साखळी आहे. तिची कोणतीही एक कडी तुटली, तरी विमान गप्प राहते. म्हणून ‘माइक बिघडला’ असे ठरवून नवा माइक विकत आणण्याची घाई करू नये. प्रथम साखळीच्या मध्यावर तपासणी करावी. आपलाच आवाज संगणकावर ध्वनिमुद्रित करावा आणि तो पुन्हा ऐकावा. तो स्वच्छ ऐकू आला, तर मायक्रोफोन, तार, खाच आणि साउंड कार्ड हे सारे निर्दोष आहे असे समजावे. दोष पुढच्या भागात आहे. ध्वनिमुद्रणात शांतता किंवा खरखर असेल, तर दोष अलीकडच्या भागात आहे. या एकाच चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

काहीच ऐकू येत नाही तेव्हा

सर्वप्रथम तार तपासावी. अनेक संगणकांवर मायक्रोफोनची खाच गुलाबी आणि हेडफोनची हिरवी असते. दोन्ही खाचांचा आकार सारखाच असल्यामुळे अदलाबदल सहज होते. भ्रमणध्वनीबरोबर मिळणाऱ्या हेडसेटच्या टोकावर चार धातूचे भाग असतात, कारण एकाच टोकातून ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे होतात. असे टोक केवळ मायक्रोफोनसाठी असलेल्या खाचेत घातले, तर संकेत योग्य जागी पोहोचत नाही. त्यासाठी दोन फाट्यांची जोडतार मिळते. काही हेडसेटच्या तारेवर आवाज बंद करण्याची छोटी कळ असते. ती नकळत दाबली गेलेली नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर संगणकाच्या सेटिंग्जकडे वळावे. एका संगणकाला एकाच वेळी अनेक मायक्रोफोन जोडलेले असू शकतात. लॅपटॉपच्या पडद्याजवळ एक असतो, कॅमेऱ्यात दुसरा आणि यूएसबी हेडसेटमध्ये तिसरा. यूएसबी हेडसेट जोडताच संगणक त्याला स्वतंत्र ध्वनियंत्र मानतो. अनेक सॉफ्टवेअर विंडोजने ‘डिफॉल्ट’ म्हणून ठरवलेल्या मायक्रोफोनकडूनच आवाज घेतात. त्यामुळे आपण हेडसेटमध्ये बोलत असतो आणि संगणक मात्र कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनकडे कान लावून बसलेला असतो. साउंड सेटिंग्जमधील ‘इनपुट’ या भागात जाऊन आपला हेडसेट निवडावा आणि बोलताना तेथील पट्टी हलते का, हे पाहावे.

पट्टी हलते, पण सॉफ्टवेअरला काहीच ऐकू येत नाही, असेही घडते. विंडोजच्या १० व ११ या आवृत्त्यांत मायक्रोफोन वापरण्यासाठी सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी लागते. ‘प्रायव्हसी’ या विभागात मायक्रोफोनचे पान उघडून डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी असलेला पर्याय चालू आहे याची खात्री करावी. आपल्या नकळत कोणी आपले बोलणे ऐकू नये यासाठी ही व्यवस्था आहे. म्हणून ज्या सॉफ्टवेअरला मायक्रोफोनची गरज नाही, त्याची परवानगी बंदच ठेवावी.

चुकीचे ऐकू येते तेव्हा

कधी कधी सॉफ्टवेअर ऐकते, परंतु भलताच शब्द ऐकते. याचे पहिले कारण म्हणजे आवाजाची पातळी. पातळी फार कमी ठेवली, तर शब्द खोलीतल्या पंख्याच्या घरघरीत बुडून जातो. ती फार वाढवली, तर मोजमापाच्या पायऱ्या संपतात आणि आवाजाच्या लहरींचे माथे सपाट कापले जातात. कापलेला भाग नंतर पातळी कमी केल्याने परत मिळत नाही. नेहमीच्या सुरात बोलताना पातळीची पट्टी मध्याच्या थोडी वर जावी, पण टोकाला कधीही पोहोचू नये. ‘बूस्ट’ नावाचा पर्याय आवाजाबरोबर खरखरही वाढवतो. त्याचा वापर शेवटचा उपाय म्हणूनच करावा.

दुसरे कारण मायक्रोफोनची जागा. तो ओठांच्या थेट समोर धरला, तर ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ उच्चारताना बाहेर पडणारा श्वास पडद्यावर आदळून धप् असा आवाज होतो. मायक्रोफोन ओठांच्या कोपऱ्याजवळ, साधारण दोन बोटे दूर ठेवावा आणि एकदा ठेवलेली जागा बदलू नये.

तिसरे कारण फार गमतीचे आहे. स्पीकरमधून येणारी इंजिनाची घरघर आणि नियंत्रण कक्षाचे संवाद मायक्रोफोनला ऐकू जातात. मग सिम्युलेटर स्वतःच्याच बोलण्याला आज्ञा समजून कामाला लागतो आणि भर आकाशात चाके खाली येतात! यावर दोन उपाय आहेत. एक, स्पीकरऐवजी हेडफोन वापरावा. दोन, ‘दाबा आणि बोला’ ही पद्धत स्वीकारावी. या पद्धतीत ठरावीक बटण दाबलेले असेपर्यंतच सॉफ्टवेअर ऐकते. खऱ्या विमानातील रेडिओही याच रीतीने वापरला जातो, त्यामुळे सरावालाही ते पूरक ठरते. मात्र बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे आणि बोलणे पूर्ण झाल्यावरच ते सोडावे. अन्यथा पहिले किंवा शेवटचे अक्षर कापले जाते.

ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. बहुतेक ब्लूटूथ हेडसेटमध्ये मायक्रोफोन सुरू होताच कानात येणारा आवाज एकदम बसका व टेलिफोनसारखा होतो. त्यात बिघाड काहीच नसतो. बोलणे आणि ऐकणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करताना हेडसेट संभाषणासाठीच्या मर्यादित गुणवत्तेच्या प्रकारात जातो, एवढेच. अशा वेळी तारेचा हेडसेट अधिक उपयोगी पडतो. त्याचप्रमाणे संभाषण सुरू झाल्याचे जाणवताच विंडोज इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करू शकते. इंजिनाचा आवाज मध्येच मंदावला, तर ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर जाऊन ‘काहीही करू नये’ असा अर्थ असलेला पर्याय निवडावा.

चौथे कारण उच्चारांचे. आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत इंग्रजीचे अमेरिकी, ब्रिटिश, भारतीय असे वेगवेगळे प्रकार असतात. आपल्या बोलण्याला जवळचा प्रकार निवडावा. मराठीत ‘व’ हा एकच वर्ण आहे. इंग्रजीत मात्र त्या जागी दोन भिन्न उच्चार आहेत. म्हणून केवळ अशा एखाद्या ध्वनीवर अवलंबून असणारे दोन शब्द आज्ञांच्या यादीत ठेवू नयेत. एकाक्षरी शब्दांपेक्षा दोन-तीन शब्दांची आज्ञा यंत्राला अधिक खात्रीने ओळखता येते. नुसते ‘अप’ म्हणण्यापेक्षा ‘लँडिंग गिअर अप’ म्हणणे चांगले.

बरोबर ऐकूनही काम होत नाही तेव्हा

व्हॉइसअटॅकच्या पडद्यावर ऐकलेल्या शब्दांची नोंद होत असते. तेथे ‘गिअर डाउन’ असे बिनचूक उमटले आणि तरीही चाके हलली नाहीत, तर मायक्रोफोनला हात लावण्याचे कारण नाही. दोष साखळीच्या शेवटच्या कडीत आहे. सिम्युलेटरमध्ये त्या कामासाठी आपण वेगळीच कळ ठरवली आहे का, हे पाहावे. सिम्युलेटरची खिडकी पडद्यावर पुढे नसेल, तर कळ भलत्याच सॉफ्टवेअरला मिळते. सिम्युलेटर प्रशासकाच्या अधिकाराने चालू असेल आणि आज्ञा ऐकणारे सॉफ्टवेअर साध्या अधिकाराने, तर विंडोज सुरक्षेसाठी त्या कळी अडवते. दोन्ही सॉफ्टवेअर समान अधिकाराने सुरू केली, की अडथळा दूर होतो.

या साऱ्या तपासणीत एक नियम कसोशीने पाळावा. एका वेळी एकच बदल करावा, लगेच चाचणी घ्यावी आणि जे केले ते वहीत लिहून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुरू झाला, तरी खरा दोष कोणता होता हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्पष्ट ऐकण्याचे मोल

घरातील सिम्युलेटरने एखादी आज्ञा ऐकली नाही, तर पडद्यावरचे विमान पडेल; कोणाला इजा होणार नाही. खऱ्या आकाशात मात्र न ऐकलेल्या शब्दाची किंमत माणसांना मोजावी लागते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळावर दाट धुके होते. एका बोइंग ७४७ विमानाने परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा त्याच धावपट्टीवरून दुसरे बोइंग ७४७ हळूहळू पुढे जात होते. नियंत्रकाने ‘थांबा’ असे सांगितले होते आणि दुसऱ्या विमानानेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले होते. परंतु दोघे एकाच क्षणी बोलले. दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले आणि पहिल्या विमानात त्या जागी कर्कश शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. त्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताला इतरही कारणे होती, तरी त्यानंतर रेडिओवरील भाषा अधिक काटेकोर करण्यात आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता केवळ उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरला जातो. रेडिओवर ‘नाइन’ हा आकडा ‘नाइनर’ असा उच्चारतात, तोही ‘फाइव्ह’शी गल्लत होऊ नये म्हणूनच.

आज संगणकाशी बोलणे ही केवळ वैमानिकांची गरज राहिलेली नाही. दूरस्थ वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी, पडद्यावरून मुलाखत देणारा उमेदवार आणि हातांनी कळफलक वापरू न शकणारी व्यक्ती यांच्यासाठी मायक्रोफोन हेच जगाशी जोडणारे दार असते. त्यांचा आवाजही याच साखळीतून जातो आणि याच कड्यांपाशी अडतो. साखळी ओळखावी, ती मधोमध तपासावी आणि एका वेळी एकच कडी दुरुस्त करावी, ही रीत अंगवळणी पडली, की संगणक कोणताही असो, आपले म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती राहते.