दिल्लीचा कागद आणि नाशिककर हिंगणे

जर्मन बादशाहींत टपालाचें काम टाक्सिस नांवाच्या एका सरदार घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतें. सन १४९० त माक्सिमिलियन राजासाठीं या घराण्यानें घोड्यांची डाक बसविली. सन १६१५ त बादशाही टपालाचा मुख्य अधिकार त्यास वंशपरंपरा मिळाला, व सन १८६७ त प्रशियानें ताब्यांत घेईपर्यंत त्याचें टपाल चाललें. आमच्या इतिहासांत याच्या जोडीचें घराणें कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही नाशिकच्या हिंगण्यांकडे बोट दाखवूं. मात्र हिंगण्यांस डाकेची सनद नव्हती. त्यांच्याकडे होती ती वकिली. बातमी मिळविणें, ती पोहोंचविणें व तिच्यावर सल्ला देणें हीं तिन्ही कामें एकाच घरांत आल्यामुळें त्यांचे कागद वाचतांना जी सावधगिरी लागते, तीच येथें सांगावयाची आहे.

हिंगणे हे पेशव्यांचे नाशिक क्षेत्रींचे तीर्थोपाध्याय. क्षेत्रोपाध्यायाचा यजमान नाना राज्यांत पसरलेला असतो, आणि परमुलुखांत त्याच्या येण्याजाण्याचा संशय सहसा कोणी घेत नाहीं. वकिलीस हा गुण थोडा नव्हे. बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अल्लीबरोबर दिल्लीस गेले व सन १७१९ त चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. त्या स्वारींत महादेवभट हिंगणे होते. पुढें उत्तरेकडील वकिली त्यांजकडे राहिली. सन १७४४ त ते मृत्यु पावल्यावर बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम व देवराव या पुत्रांनीं ती चालविली. पित्याचें नांव महादेवभट आणि पुत्राचें देवराव. एका पिढींत घराण्याची पायरी किती बदलली तें या दोन नांवांतच दिसतें. गोदाकांठचें चांदोरी हें या जहागीरदार घराण्याचें ठिकाण.

दिल्लीहून ग्वाल्हेर, सिरोंज, बऱ्हाणपूर अशी दक्षिणेची जुनी वाट. तिच्यावरून कागद नेणारे जासूद बहुधा जोडीनें चालत. एक अडला तर दुसऱ्यानें पुढें जावें. निकडीच्या कामीं मुजरद जोडी, म्हणजे त्याच एका कामासाठीं निघालेली, रवाना होई, सांडणीस्वारही असत. कागद वाटेंत हरवण्याचें किंवा पकडला जाण्याचें भय नेहमींचें, म्हणून नाजूक मजकूर जासुदाच्या तोंडीं सांगून पाठवीत. तेव्हां पत्रांत जें नाहीं तें वकिलास ठाऊकच नव्हतें, असें अनुमान कोणी करूं नये.

सावकारांची व्यवस्था याहून निराळी. अमुक दिवसांत पोहोंचल्यास अमुक अजुरा, असा त्यांचा काशिदाशीं रोख करार. पानिपतची लढाई ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. त्या मोडाची वार्ता नानासाहेबांस वाटेंत कळली ती एका सावकारी काशिदाच्या कागदावरून, व तो नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोंचण्याच्या करारानें निघाला होता, असें ग्रांट डफ लिहितो. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्यास आपल्या फौजेचें वर्तमान परक्याची थैली फोडून समजावें, ही गोष्ट आम्हांस त्या काळच्या शेंकडों राजकारणी पत्रांहून अधिक बोलकी वाटते.

दुसरा दोष माणसांचा. दिल्लींत हिंगण्यांखेरीज अंताजी माणकेश्वर हेही पेशव्यांचे सरदार होते, आणि बापूजी हिंगणे व अंताजी यांचें हाडवैर प्रसिद्ध आहे. पैशाच्या अफरातफरीचे आरोप दोघांनींही एकमेकांवर केले. ज्याच्या हातीं बातमी, त्याच्याच हातीं गाऱ्हाणें. यास्तव एकट्या हिंगण्यांच्या पत्रावरून अंताजीचा, किंवा एकट्या अंताजीच्या पत्रावरून हिंगण्यांचा निवाडा करणें धाडसाचें होय.

आतां संग्राहकांस एक विनंती. जुन्या पत्राच्या माथ्यावर वा पाठीवर ‘पैवस्ती’ म्हणून पोहोंचल्याची तिथि टिपलेली असते. पुष्कळ संग्राहक पत्र जाड कागदावर चिकटवितात, कडा कातरून सारख्या करतात, आणि ही टीप कायमची जाते. लिहिल्याची व पोहोंचल्याची अशा दोन्ही तिथि असल्या तरच धन्यानें हुकूम दिला त्या दिवशीं त्यास काय ठाऊक होतें तें ठरवितां येतें. ‘छ’ पुढील चंद्र मुसलमानी महिन्याचा, पण अरबी सन मृगास पालटतो. ऐन जेष्ठांतील पत्रास चुकीचें वर्ष लावलें तर सबंध राजकारण बारा महिने मागें-पुढें सरकतें.

पुण्याहून हिंगण्यांस गेलेलीं पत्रें त्यांच्या घरीं राहिलीं, श्री. ग. ह. खरे यांनीं संपादिलेले ‘हिंगणे दप्तरा’चे खंड भारत इतिहास संशोधक मंडळानें सन १९४५ व १९४७ त प्रसिद्ध केले. हिंगण्यांनीं पुण्यास धाडलेल्या पत्रांचा शोध पेशवे दप्तरांत घ्यावा लागतो. त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसायांनीं सन १९३० ते १९३४ च्या दरम्यान छापले. सवाल एका ठिकाणीं, जबाब दुसऱ्या ठिकाणीं. तारीखवार जोडून हे दोन्ही एकत्र वाचले म्हणजे दिल्ली-पुण्यामधील प्रत्येक खेपेस किती दिवस लागले याचा तक्ता होऊं शकेल. ज्यांच्या खासगी संग्रहांत चांदोरीकडील सुटे रुमाल असतील, त्यांनीं निदान पैवस्तीच्या टिपांची नक्कल उतरून ठेवावी.