बाळ शांत आहे की सुस्त?

पेण आणि रोह्याच्या वस्त्यांत बाळंतिणीला भेटायला गेलो की आमचा पहिला प्रश्न असतो, "बाळ दूध कसं ओढतंय?" कधी कधी आजी कौतुकानं सांगते, "लय शांत आहे हो, रडतच नाही. पाजायलाही उठवावं लागतं." हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. मोठं माणूस दुखलं की सांगतं. नवजात बाळ आजारी पडलं की गप्प होतं.

बाळाची पहिली तपासणी जन्मताच होते. १९५२ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी त्याची सोपी पद्धत काढली. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण देतात. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बेरीज करतात. सात किंवा जास्त गुण म्हणजे ठीक. पुढे बाळ हुशार निघेल का, हे या गुणांवरून कळत नाही.

रंगाबद्दल एक सांगतो. आपली बाळं सावळी असतात, म्हणून अंगाच्या रंगावर जाऊ नका. ओठ आणि जीभ पाहा. सुरुवातीला तळहात-तळपाय थोडे निळसर असू शकतात. पण ओठ किंवा जीभ निळी म्हणजे धोका.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी सिस्टरला विचारा : वजन किती? (२.५ किलोपेक्षा कमी असेल तर जास्त जपावं लागतं.) टाळू, तोंडातला टाळा, पाठीचा कणा, शौचाची जागा तपासली का? पहिल्या २४ तासांत शी झाली का? लघवी झाली का? बीसीजी, पोलिओ, कावीळ ब यांची लस आणि व्हिटॅमिन के दिलं का? विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

घरी रोज पाहायच्या खुणा :
• बाळ दूध ओढत नाही, किंवा ओढायचं थांबलं.
• सुस्त पडलं, हालचाल कमी झाली.
• शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा जास्त, अथवा छाती आत ओढली जाते.
• अंग तापलं किंवा गार पडलं.
• झटके आले.
• पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले. सावळ्या बाळात उजेडात बोटानं त्वचा दाबून पाहा.
• नाळेभोवती लाली किंवा पू.

यातली एकही खूण दिसली तर वाट पाहू नका. घुटी, मध, नाळेवर हळद-राख आणि धुरी टाळा. चीक मात्र टाकू नका. पहिल्या तासातच बाळाला पाजा.

आशाताई यासाठीच घरी येतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. या भेटींची मुळं आपल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना बाळ तपासायला शिकवलं. १९९९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मोठी यंत्रं नव्हती. शिकलेल्या बाया होत्या.

पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. जास्त आजारी बाळासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात वेगळा कक्ष आहे. गाडीसाठी १०८ लावा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, ओढत असेल तर पाजत राहा.

आणि आज्यांनो, पुढच्या वेळी "शांत आहे" म्हणण्याआधी एकदा तळपायाला हलकी टिचकी मारून पाहा. बाळ रडलं, तर रडू द्या.