'झोडियॅक' : उत्तर नसलेले कोडे घरच्या पडद्यावर

रहस्यपट पाहायला बसलेल्या प्रेक्षकाची एक साधी अपेक्षा असते; खुनी कोण, हे शेवटी कळले पाहिजे. डेव्हिड फिंचर यांच्या 'झोडियॅक' (२००७) या चित्रपटाने नेमकी हीच अपेक्षा पूर्ण करण्याचे नाकारले. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चून बनविलेल्या या चित्रपटाला अमेरिकेतील चित्रपटगृहांतून त्याच्या निम्मीच रक्कम मिळाली. समीक्षकांनी गौरवूनही ऑस्करचे एकही नामांकन त्याच्या वाट्याला आले नाही. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या दोन डिस्कच्या डीव्हीडीने मात्र हा चित्रपट सावकाश, थांबत-थांबत पाहण्याची सोय केली. त्याची प्रकृतीही तशीच आहे.

कथानक सत्य घटनेवर बेतलेले आहे. डिसेंबर १९६८ ते ऑक्टोबर १९६९ या काळात सॅन फ्रान्सिस्को व आसपासच्या परिसरात एका अज्ञात इसमाने सात जणांवर हल्ले केले. त्यांतील पाच मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९६९ च्या प्रारंभी तीन वृत्तपत्रांकडे त्याची पत्रे आली. प्रत्येक पत्रासोबत सांकेतिक लिपीतील मजकुराचा एक तुकडा होता. तो पहिल्या पानावर छापला नाही, तर आणखी खून पाडू, अशी धमकीही होती. एका शिक्षकाने पत्नीच्या मदतीने ती लिपी काही दिवसांत उलगडली. पण त्यात खुन्याचे नाव नव्हते. पुढे त्याने ३७ बळींचा दावा केला.

फिंचर यांनी हिंसेचे प्रदर्शन टाळले आहे. ज्या हल्ल्यांतून कोणी वाचले वा ज्यांना साक्षीदार होते, तेवढेच पडद्यावर दिसतात. डिसेंबर १९६८ मधील पहिले दुहेरी हत्याकांड म्हणूनच चित्रपटात नाही. ते सांगायला कोणी उरलेच नव्हते. भर आहे तो शोध घेणाऱ्यांवर. व्यंगचित्रकार रॉबर्ट ग्रेस्मिथ (जेक जिलेनहाल), पोलिस अधिकारी डेव्ह टॉस्की (मार्क रफेलो) आणि वार्ताहर पॉल एव्हरी (रॉबर्ट डाउनी ज्युनियर) या तिघांची वर्षे या प्रकरणात कशी खर्ची पडली, याची ही कहाणी आहे.

चित्रपटगृहातील आवृत्ती १५७ मिनिटांची होती. डीव्हीडीवरील दिग्दर्शकीय आवृत्ती १६२ मिनिटांची आहे. वाढीव पाच मिनिटांत पाठलाग वा रक्तपात नाही. एका प्रसंगात पोलिस टेलिफोनवरून पुरावे मांडून झडतीचे वॉरंट मागतात. दुसऱ्या ठिकाणी पडदा पूर्ण काळा राहतो आणि गाणी व बातम्यांच्या तुकड्यांतून सरलेला काळ नुसता ऐकू येतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक अशा वेळी चुळबुळ करील. घरी बसलेल्याला ती वर्षे जाणवतात.

दुसऱ्या डिस्कचे महत्त्व आणखी वेगळे आहे. तिच्यावरील माहितीपटात प्रत्यक्ष तपास करणारे अधिकारी आणि हल्ल्यातून बचावलेल्या व्यक्ती बोलतात. ग्रेस्मिथ यांच्या पुस्तकांवर आधारित असल्याने चित्रपटाचा कल आर्थर ली अ‍ॅलन या संशयिताकडे झुकतो. मात्र अ‍ॅलनवर या खुनांचा आरोप कधीच ठेवला गेला नाही आणि १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. हस्ताक्षर व बोटांचे ठसे जुळले नव्हते. २००२ मधील डीएनए चाचणीतही जुळणी झाली नाही. परिस्थितीजन्य पुराव्यांची रास कितीही उंच झाली, तरी ती सिद्धता ठरत नाही, हा धडा घरी बसून पडताळता येतो.

डिसेंबर २०२० मध्ये तिघा अभ्यासकांनी खुन्याचा ३४० चिन्हांचा दुसरा संदेश तब्बल ५१ वर्षांनी उलगडला. त्यातही फुशारकीच होती, नाव नव्हते. उत्तर देण्याचा मोह टाळणारा चित्रपट त्यामुळे आजही जुना वाटत नाही.