अर्धवट राहिलेली विनवणी

उधळ्या पुत्राचा दाखला बहुतेकांनी ऐकलेला असतो. बाप जिवंत असतानाच धाकटा आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन तो उडवतो, दुष्काळ पडतो आणि यहुदी घरातल्या या मुलावर डुकरं राखायची पाळी येते. त्यांच्यापुढच्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटू लागतं, तेव्हा त्याला घर आठवतं. बापापुढे काय बोलायचं तेही तो ठरवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा.

आता लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातलं १९वं वचन २१व्याशी ताडून पाहा. घरी पोचलेला मुलगा पहिलं बोलतो, दुसरं बोलतो. तिसरं येतच नाही! बापाने तोवर चाकरांना फर्मावलंय: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे. गडी होण्याची विनवणी ऐकायला तो थांबलेलाच नाही. त्याआधीचं तर अधिकच थक्क करणारं. मुलगा अजून लांब आहे, तोंडातून अक्षर निघालेलं नाही, आणि बाप धावत सुटलाय.

ख्रिस्ती क्षमेचं मर्म मला इथे सापडतं. मनावर ओझं असलेला माणूस फेडीचा हिशेब मांडूनच येतो. मुलाला उठून निघावं लागलं, चूक कबूल करावी लागली, हे खरंच. पण फेड त्याच्याकडून कुणी घेतली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ओझ्याखाली दबलेल्यांना जो विसावा देऊ करतो, तो हाच.

रेम्ब्रांटने ही भेट अगदी अखेरच्या काळात रंगवली. १६५६मध्ये त्याचं दिवाळं निघालं होतं, १६६८मध्ये तरुण मुलगा तीतुस गेला आणि १६६९मध्ये तो स्वतः. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या या चित्रात गुडघे टेकलेल्या मुलाचं डोकं भादरलेलं आहे, एका पायातली वहाण निसटलीय, तळवा उघडा पडलाय. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत.

दाखला मात्र थोरल्या भावापाशी संपतो. इतकी वर्षं राबलेला तो रागाने बाहेरच थांबलाय आणि बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर आलाय. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलं नाही. समोर परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, होते, आणि येशू पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून ते कुरकुरत होते.