गाडीचं नाव नको, एक्सलचा नंबर सांगा

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या मालगाड्यांना उसंत नसते. वेचलेला कापूस मानवत, सेलूच्या जिनिंगकडे निघतो, सोयाबीनची पोती मोंढ्यात येतात, गंगाखेड-पाथरीकडे ऊसतोड सुरू होते. पिकअप, छोटा हत्ती, चारशेसात आणि अजून पळत्या असलेल्या जुन्या जीपगाड्या यांच्या मागच्या एक्सलवर वर्षातला सगळ्यात मोठा भार याच तीन-चार महिन्यांत पडतो. एखाद्या दिवशी मागून घुमणारा आवाज येऊ लागतो. मिस्त्री सांगतो, क्राऊन-पिनियन गेलं. मालक दुकानाच्या काउंटरवर उभा राहून म्हणतो, "बोलेरोचं क्राऊन-पिनियन द्या." दुकानदार विचारतो, "कोणती बोलेरो? पिकअप की प्रवासी? किती टनाची? साल कोणतं? रेशो काय?"

इथे बहुतेकांचं बोलणं अडतं. अंदाजाने माल मागवला जातो, नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पार्सल येतं आणि मिस्त्रीने हाउसिंग उघडून ठेवलेलं असताना कळतं की दाते जुळत नाहीत. डबा फोडलेला, वस्तूला तेलाचा हात लागलेला, त्यामुळे दुकानदार परत घ्यायला राजी नसतो. ऐन हंगामात गाडी खोळंबते, भाडं बुडतं. हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. एक्सल आपली ओळख स्वतःच्या अंगावर बाळगून असतो, ती वाचायला शिकलं की झालं.

मागच्या एक्सलचं काम थोडक्यात असं. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागे येतो आणि पिनियन नावाचा लहान गिअर फिरवतो. पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. इथे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि ताकद वाढते. क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे जितके फेरे लागतात, तो रेशो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात चार छोटे गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेव्हा हे गिअर दोन्ही चाकांचा वेग वेगळा करतात. यालाच डिफरन्शियल म्हणतात. ओनेसिफोर पेक्युर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती १८२७-२८ च्या सुमारास मांडली. जवळजवळ २०० वर्षं झाली, मूळ कल्पना आजही तीच आहे.

आपल्याकडे एक्सल जाण्याची कारणं आपल्या मातीत आहेत, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतते. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. अशा वेळी मोकळं चाक स्पीडोमीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट वेगाने फिरत असतं आणि पिंजऱ्यातले छोटे गिअर आपल्या पिनवर एरवी कधी फिरत नाहीत इतके वेगाने फिरतात. रस्त्यावरच्या वळणात ते जेमतेम हलतात, त्यांची रचनाही तेवढ्यासाठीच असते. पाच-दहा मिनिटं रेस मारत राहिलं की पिन जळते, गिअर चिकटतात. खोऱ्याने चाकाखालची माती काढा, फांद्या-बारदाना घाला, पण रेस मारत बसू नका.

दुसरं कारण पाणी. लांबून आलेल्या गाडीचा एक्सल तापलेला असतो. ती ओढ्याच्या पाण्यात उतरली की हाउसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. त्यासाठी हाउसिंगवर ब्रीदर नावाचं लहान बोंडूक असतं. ते मातीने बुजलेलं असेल तर हवा सीलमधून ओढली जाते आणि तिच्याबरोबर पाणी आत जातं. बूच काढल्यावर तेल दुधाळ दिसलं तर समजावं की पाणी गेलेलं आहे. दुधना-करपरेकाठच्या आणि पूर्णाकाठच्या गावांतल्या गाड्यांनी पावसाळा संपला की हे बूच एकदा काढून पाहावंच.

माल मागवण्याआधी दोष एक्सलचाच आहे ना, तेही तपासा. गाडी निघताना एकच 'टक्' असा आवाज येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहा. तो खर्च कितीतरी कमी असतो. रेस दिल्यावर घुमतं आणि पाय सोडल्यावर आवाज बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर जातो. वळणावर आवाज कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग पाहावं.

आता ओळख. पहिला कागद म्हणजे आरसी बुक. त्यावर चेसी नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. नोंदणीची तारीख वेगळी आणि बनल्याची वेगळी. सुटे भाग बनल्याच्या तारखेवरून ठरतात. आताचा चेसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं कंपनीची: महिंद्रची एम-ए-१, टाटाची एम-ए-टी, मारुतीची एम-ए-३. हा पूर्ण नंबर अधिकृत डीलरला दिला की त्याच्या संगणकावर गाडी कोणत्या एक्सलसकट कारखान्यातून निघाली ते दिसतं. गाडी पाच-सात वर्षांची आणि एकाच मालकाच्या हातात राहिलेली असेल, तर काम इथेच संपतं.

पण आपल्या जिल्ह्यातल्या अर्ध्या गोष्टी इथे संपत नाहीत. एम-एच २२ पाटीची जुनी कमांडर किंवा मार्शल घ्या. जिंतूर, पाथरी, पालमच्या रस्त्यांवर काळीपिवळी म्हणून तिने उमेदीची वर्षं काढलेली असतात. पाटी परभणीची असली तरी गाडी वसमत किंवा कळमनुरीची असू शकते, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याआधी सगळ्यांची नोंदणी परभणीचीच होती. इतक्या वर्षांत, इतक्या हातांत गेलेल्या गाडीखाली कुणीतरी कधीतरी भंगारातून आणलेला दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवलेला असण्याची शक्यता फार मोठी. आरसी तो बदल सांगत नाही. तेव्हा गाडीखाली जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

महिंद्रच्या या जीपगाड्यांचं मूळ अमेरिकेच्या विलीज जीपमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुंबईत तिची जोडणी सुरू झाली. विलीजचे मागचे एक्सल स्पायसर म्हणजे डेना कंपनीच्या घडणीचे. क्लॅरन्स स्पायसर यांनी १९०४ मध्ये सुरू केलेला युनिव्हर्सल जॉइंटचा धंदा पुढे चार्ल्स डेना यांच्या हाती गेला. म्हणूनच जुने मिस्त्री आजही 'डेनाचा एक्सल' म्हणतात. डेना-४४ या प्रसिद्ध मॉडेलच्या हाउसिंगच्या ओतीवातच ४४ हा आकडा उठलेला असतो. त्याच्या मागच्या झाकणाला १० बोल्ट असतात आणि क्राऊनचा व्यास साधारण साडेआठ इंच भरतो.

हे वाचायचं कसं? गाडी सपाट जागी लावा. झाकणावरचा चिखल आधी लोखंडी ब्रशने, मग डिझेलच्या फडक्याने काढा. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी दाबलेली दिसेल. तिच्यावर दात्यांची संख्या किंवा रेशो ठोकलेला असतो, उदाहरणार्थ ४१-१०. पट्टी नसेल तर एक्सलच्या नळीवर ठोक्याने उमटवलेला नंबर शोधा. गंजलेल्या लोखंडावर तो डोळ्यांना दिसत नाही, पण पांढरा खडू आडवा घासला की खड्ड्यातले आकडे उठून येतात. त्याचा मोबाइलवर बाजूने उजेड टाकून फोटो काढावा. समोरून फ्लॅश मारला तर आकडे पुसट होतात.

पट्टी गेलेली, नंबरही गंजलेला, तरी रेशो कळतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. फोर-बाय-फोर असेल तर टू-व्हील ड्राइव्हवर घ्या. मागचं एकच चाक जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, दुसरं जमिनीवरच राहू द्या. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. एकाने चाक हाताने बरोबर २० वेळा फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. आलेल्या संख्येला १० ने भागलं की रेशो. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर ४.१, चोपन्नच्या किंचित आत भरला तर ५.३८. एक चाक अडवून दुसरं फिरवलं की क्राऊन निम्म्यानेच फिरतो, म्हणून चाकाचे फेरे २० असले तरी १० ने भागायचं. दोन्ही चाकं उचलली तर पलीकडचं चाक उलटं फिरेल आणि हिशेब फसेल.

या आकड्यांची गंमत अशी की ते सहसा नीट भागत नाहीत. ५.३८ म्हणजे ४३ आणि ८ दाते, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. युद्धकाळातल्या विलीजला ४.८८ होता, पुढच्या नागरी सीजे जीपला ५.३८. ४० आणि १० असे सरळ आकडे ठेवले तर पिनियनचा एक दाता दर चार फेऱ्यांनी क्राऊनच्या त्याच दात्यावर येईल आणि एखादा दोष असेल तर तिथेच खड्डा पाडील. ४३ आणि ८ असले की तोच दाता त्याच दात्याला पुन्हा भेटायला पिनियनचे ४३ फेरे लागतात. झीज सगळीकडे वाटली जाते.

रेशो चुकला तर काय होतं? ४.८८ च्या जागी ५.३८ बसला तर त्याच वेगाला इंजिन साधारण १० टक्के जास्त फिरतं. चढाला ताकद मिळते, पण डिझेल जास्त जातं आणि स्पीडोमीटर खोटं बोलतो. फोर-बाय-फोर जीपमध्ये तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. फक्त मागचा बदलून चारही चाकांना ताकद दिली की ट्रान्सफर केसवर पीळ पडतो आणि ती फुटते. जिंतूरच्या डोंगराकडे किंवा गंगाखेडच्या बालाघाटात शेत असलेल्यांनी हे कधीही विसरू नये.

यानंतर चाकाकडे बघा. हब चाकाच्या मध्यातून बाहेर आलेला, त्यावर बोल्टांचं कडं, असं दिसलं तर तो फुल-फ्लोटिंग एक्सल. चारशेसात आणि त्याहून मोठ्या गाड्यांना असा असतो. त्यात वजन हब आणि हाउसिंग घेतात, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो, म्हणून चाक न काढता शाफ्ट ओढून काढता येतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच वजनही पेलतो, तो तुटला तर चाकच निघून जातं. जुन्या विलीज घडणीत शाफ्टचं टोक निमुळतं असतं, चावी आणि मोठा नट लावून हब त्यावर बसवलेला असतो, तो काढायला पुलर लागतो. शाफ्ट मागवताना हा प्रकार, दोन टोकांमधली लांबी, दात्यांची संख्या आणि बाजू सांगावी. डेना-४४ मध्येच वेगवेगळ्या काळात १०, १९ आणि ३० दात्यांचे शाफ्ट निघाले. जुन्या जीपमध्ये मधला गोळा एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे डावा-उजवा शाफ्ट एका लांबीचा नसतो.

पिकअपच्या बाबतीत नाव एकच असलं तरी पेलोडप्रमाणे शाफ्ट, हब, ब्रेकचा ड्रम वेगळा असू शकतो. म्हणून १.३ टन की १.७ टन, हे आधी सांगावं. ट्रॅक्टरचं गणित निराळं. त्याच्या मागच्या धडात बुल गिअर किंवा ग्रहगिअरची आणखी एक पायरी असते, आणि तिथे मॉडेलच्या नावापेक्षा प्लेटवरचा अनुक्रमांक चालतो.

बेअरिंग आणि सील हे त्यातल्या त्यात सोपे, कारण त्यांच्यावर सगळं लिहिलेलं असतं. ३०२०८ असा नंबर असेल तर शेवटच्या ०८ ला पाचने गुणा, आतलं भोक ४० मिलिमीटर. इंची मापाच्या बेअरिंगला हा नियम लागू नाही, आणि त्यांत कप आणि कोनचे नंबर वेगळे असतात, दोन्ही उतरवून घ्या. सीलवर तीन मापं असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. सील जिथे शाफ्टला टेकतं तिथे खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल, तेव्हा शाफ्टवरून बोट फिरवून बघा.

क्राऊन आणि पिनियन मात्र कधीही सुटं घेऊ नका. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडनंबर कोरलेला असतो. डबा उघडून तो काउंटरवरच ताडून पाहा. पिनियनच्या तोंडावर अधिक-उणे चिन्हासह बारीक आकडाही असतो. तो पिनियन किती आत-बाहेर बसवायचा ते सांगतो, शिमची जाडी त्यावरून ठरते. मिस्त्रीने जुने शिम जसेच्या तसे घातले तर नवी जोडी काही महिन्यांत घुमू लागते. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळी चाल, साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, पण नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. चाल डायल गेजने मोजतात. दात्यांना रंग लावून फिरवलं की घासणीचा ठसा दात्याच्या मधोमध आला पाहिजे. गेज नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डर देताना दुकानदाराला चेसी नंबर, एक्सलवरच्या नंबराचा फोटो, मोजलेला रेशो, शाफ्टचे दाते आणि जुन्या बेअरिंग-सीलचे नंबर एकाच संदेशात पाठवा. परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या. नवा माल हातात येऊन जुन्याशी ताडून होईपर्यंत जुना तुकडा भंगारात घालू नका. मुंबई-दिल्लीहून, विशेषतः काश्मिरी गेटच्या बाजारातून जुन्या जीपचा माल मागवणाऱ्यांना तर तोच एकमेव पुरावा असतो.

जोडी बसल्यावर कंपनीने सांगितलेलं हायपॉइड गिअर तेल, बहुधा ईपी ९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत घाला. ब्रीदर स्वच्छ करा. पहिले दोन-तीन दिवस रिकामी किंवा अर्ध्या मालाची गाडी चालवा, पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून हाउसिंगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं गेलंय, तशीच मिस्त्रीकडे न्या. पहिलं तेल लवकर बदला, आणि बूच काढल्यावर त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा बोटावर घेऊन बघा. पिठासारखा बारीक असेल तर तो नव्या दात्यांचा घास आहे. खवले निघाले तर उसाची पहिली खेप भरण्याआधी झाकण पुन्हा उघडा.