दुर्बीण बदलली, तरी नेम का चुकतो?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या बंदूक-शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तेथील नेमबाजीच्या मैदानांवर एक दृश्य हमखास दिसते. शिकारी बाकावर वाळूच्या पिशव्या रचून बंदूक टेकवतो आणि पन्नास यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडतो. एक भोक मध्याच्या वर, दुसरे वीतभर डावीकडे, तिसरे कागदाच्या कडेला. तो दुर्बिणीची फिरकी फिरवून पुन्हा तीन झाडतो. भोके दुसरीकडे पडतात, पण तशीच विखुरलेली. पाच-पाच काडतुसांच्या तीन-चार पेट्या संपतात, खांदा काळानिळा पडतो आणि सगळा दोष दुर्बिणीच्या माथी येतो. नवी, महाग दुर्बीण आणली जाते. भोके मात्र पूर्वीसारखीच विखुरतात.

ही बंदूक गोव्याच्या वाचकाला अगदीच परकी नाही. शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेली काडतुसाची बाराबोअर बंदूक इथल्या गावांतही आढळते. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यातील एका गोळ्याचा जो व्यास तो या नळीचा, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. ‘बारा’ हा आकडा तिथून आला. एरवी तिच्यात छऱ्यांचे काडतूस घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला मनाई आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत मात्र याच बंदुकीत छऱ्यांऐवजी ‘स्लग’ नावाची एकच जड गोळी घालून हरीण मारतात. सपाट शेते आणि मध्येमध्ये वस्त्या अशा ओहायो, इलिनॉय, आयोवा यांसारख्या राज्यांनी दूरवर जाणाऱ्या रायफलीवर दीर्घकाळ बंधन ठेवले; स्लग लवकर वेग गमावतो, म्हणून त्याला परवानगी दिली. (हा समज तपासण्यासाठी पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये एक अभ्यास झाला. बंदूक आडवी धरून झाडलेली गोळी जमिनीवर आपटून उसळली, तर त्या बाबतीत स्लग रायफलीपेक्षा सुरक्षित ठरत नाही, असे त्यात दिसले.) छर्ऱ्यांसाठी घडवलेल्या बंदुकीकडून रायफलीच्या अचूकतेची अपेक्षा करायची, हा या प्रकरणातला मूळ पेच आहे.

म्हणून दुर्बिणीला हात लावण्यापूर्वी काडतूस आणि नळी यांची जोडी पाहावी. स्लग मुख्यत्वे दोन तऱ्हांचा असतो. कार्ल फॉस्टर याने १९३१ मध्ये बनवलेला स्लग मागून पोकळ असतो. त्याचे वजन पुढे असल्याने तो बॅडमिंटनच्या फुलासारखा डोके पुढे ठेवून जातो. त्याला फिरकीची गरज नसते, म्हणून तो गुळगुळीत नळीसाठी आहे. त्याच्या अंगावर तिरक्या खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, असा गैरसमज आहे. नळीचे तोंड किंचित अरुंद असले तरी शिसे दबून बाहेर पडावे, हे त्यांचे खरे काम. दुसरा प्रकार ‘सॅबो’. यात नळीपेक्षा बारीक गोळी प्लॅस्टिकच्या खोळीत बसवलेली असते. नळीतील आटे त्या खोळीला पकडून फिरवतात आणि बाहेर पडताच खोळ गळून जाते. हेच महागडे काडतूस गुळगुळीत नळीत घातले, तर गोळीला फिरकी मिळत नाही आणि ती हवेत कोलांट्या खात जाते. बाकावर बसून घाम गाळणाऱ्या कित्येकांचा घोटाळा एवढाच असतो.

जोडी बरोबर असली तरी प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. आट्यांचा पीळही सारखा नसतो. बाराबोअरच्या अनेक नळ्यांत तो २८ ते ३६ इंचांत एक फेरा इतका सैल असतो, तर अचूकतेसाठी नावाजलेल्या सॅव्हेज कंपनीच्या २२० या वीसबोअर बंदुकीत २४ इंचांत एक फेरा असतो. कोणत्या नळीला कोणते काडतूस मानवेल, हे कागदावर झाडूनच कळते. तीन-चार कंपन्यांची काडतुसे घेऊन, दुर्बिणीची फिरकी न हलवता, प्रत्येकाची तीन भोके किती जवळ पडतात ते पाहावे. भोके मध्यापासून दूर पडली तरी तूर्त हरकत नाही. एकत्र पडणाऱ्या भोकांचा पुंजका मध्यावर आणणे दहा मिनिटांचे काम आहे. विखुरलेली भोके फिरकीने कधीही एकत्र येत नाहीत.

यानंतरचा संशयित बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांसारख्या बंदुकांची नळी घरच्या घरी काढता-घालता येते. बदकांसाठी एक, हरणांसाठी दुसरी, ही त्यांची मोठी सोय. पण सहज निघणारी नळी घट्ट बसलेली नसते. दुर्बीण बंदुकीच्या मधल्या पेटीवर असते आणि नळी त्या पेटीत किंचित डुलत असते. म्हणजे डोळा एकीकडे पाहतो आणि गोळी दुसरीकडून निघते. चोवीस इंचांच्या नळीचे टोक मुळाच्या संदर्भात केवळ अर्धा मिलिमीटर सरकले, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे साडेसात सेंटिमीटर बाजूला जाते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, एका हाताने पेटी व दुसऱ्याने नळी धरून हलवून पाहावी. बोटांना जाणवेल एवढी हालचाल असेल, तर नव्या दुर्बिणीवर खर्च करणे व्यर्थ आहे.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, नळीच्याच मागच्या भागावरून मागे आलेल्या लोखंडी पट्टीवर दुर्बीण बसवलेली नळी घेणे. त्यात नळी डुलली तरी दुर्बीण तिच्याबरोबरच डुलते. दुसरा, जाणत्या कारागिराकडून पेटीला लहानसे छिद्र व आटे पाडून पेचाने नळी जखडून घेणे. मग ती बदलण्याची सोय जवळजवळ संपते. याच कारणाने इथाकाच्या ‘डीअरस्लेयर’ मालिकेतल्या तिसऱ्या आवृत्तीत नळी कायमची बसवलेली आहे. नळी आवळणारी पुढची टोपी दर वेळी सारख्याच जोराने आवळणे, एवढे तरी कोणालाही करता येते.

दुर्बीण अगदीच निर्दोष असते असे नाही, पण तिच्याहून आधी तिची बैठक सैल होते. स्लगचा धक्का हरणांसाठीच्या सामान्य रायफलीहून लक्षणीय जास्त असतो आणि तो दर वेळी कड्यांच्या लहान पेचांवर आदळतो. पेच काढून, तेल पुसून, पकड धरणारा द्रव लावून ते मापाने आवळावेत. मग कडे आणि दुर्बिणीची नळी या दोहोंवरून नखाला लावायच्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पाच-सहा बारांनंतर रेघ तुटलेली दिसली, की दुर्बीण सरकते आहे हे सिद्ध झाले. प्रत्यक्ष दुर्बिणीची परीक्षा गोळ्या न झाडताही होते, आणि विखुरणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत तीच अधिक भरवशाची. रिकामी बंदूक शिकंजात घट्ट धरून समोर चौकटींचा कागद लावावा. फिरकी वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवावी. दुर्बिणीतील फुलीने चौकोन पुरा करून मूळ जागी यायला हवे. ती परतली नाही किंवा मध्येच अडली, तर मात्र दुकानदाराकडे जावे.

दृष्टिभेदाची तक्रारही फार ऐकू येते: डोळा किंचित सरकला की फुली लक्ष्यावरून सरकते. रायफलीच्या दुर्बिणी सामान्यतः शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, तर बंदुकीच्या पन्नास किंवा पंचाहत्तर यार्डांसाठी. चाळीस मिलिमीटर भिंगाची रायफलीची दुर्बीण पन्नास यार्डांवर वापरली, तर या दोषाने होणारी चूक फार तर एक सेंटिमीटर. ताटाएवढ्या विखुरण्याचे खापर तिच्यावर फोडता येणार नाही.

राहिला शिकारी स्वतः. धक्क्याची भीती बसली, की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळी खाली झुकते. ही भीती धट्ट्याकट्ट्या माणसांनाही असते; ती कबूल करणे मात्र अवघड जाते. सोबत्याने खऱ्या काडतुसांत एखादे दारू नसलेले, सरावाचे काडतूस न सांगता मिसळावे. ‘खट्’ असा नुसता आवाज आला आणि तरीही नळी झुकली, तर रोग सापडला. जाड गादी खांद्याला लावावी, सराव हलक्या काडतुसांनी करावा, एका बैठकीत थोडेच बार काढावेत. पिशवीवर नळी न टेकता पुढचा लाकडी दस्ता टेकावा आणि दोन बारांमध्ये नळी निवू द्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतूस, पेच आणि बैठक एकाच सकाळी बदलणाऱ्याला गुण कशाने आला हे कळत नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, तर हरणाच्या छातीतील मर्मस्थान जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद असते. गोळी त्याबाहेर पोटात लागली, तर जखमी जनावर मक्याच्या कापलेल्या शेतांतून झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडत राहते. अंधार पडल्यावर रक्ताचा माग हरवतो. गुळगुळीत नळीतला फॉस्टर स्लग पन्नास यार्डांवर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या आत तीन भोके पाडत असेल, तर बंदुकीत काही बिघाड नाही. तिची मर्यादाच तेवढी आहे. पन्नास यार्डांवर जुळवलेला तोच स्लग शंभर यार्डांवर सुमारे बारा ते पंधरा सेंटिमीटर खाली उतरतो. चांगल्या आट्यांच्या नळीतून, मानवलेल्या सॅबो काडतुसाने शंभर यार्डांवर सात-आठ सेंटिमीटरचा पुंजका मिळू शकतो.

ओहायोने २०१४ पासून आणि इलिनॉयने २०२३ पासून ठरावीक सरळ काडतुसांच्या रायफलींना मुभा दिल्यावर अनेकांनी स्लगची बंदूक कपाटात ठेवली. जे ती अजून वापरतात, त्यांच्यातील जाणते लोक हंगामाआधी एका थंड सकाळी, शिकारीचाच जाड कोट अंगात घालून, निवलेल्या नळीतून एकच गोळी झाडतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तीन सकाळची तीन भोके एका कागदावर जुळली, की नळी साफ करण्यासाठीही ती टोपी हंगाम संपेपर्यंत कोणी उघडत नाही.